वैजूची शीळ

वैजू गेल्याचा फोन आला तेव्हा मी केंब्रिजमध्ये, ग्रंथालयातल्या माझ्या टेबलाशी होते. तिच्या ऑफिसातली मैत्रीण बोलत होती. मेंदूत रक्तस्राव झाला, रीडिंग शहरातल्या हॉस्पिटलात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. वय सत्तावीस. मी फोन ठेवला आणि समोर उभ्या असलेल्या विद्यार्थ्याच्या पुस्तकावर शिक्का मारून दिला... हाताला अजून काही कळलं नव्हतं.

पुढच्या रविवारी लंडनजवळच्या हाउन्सलोच्या हॉलमध्ये तिथल्या महाराष्ट्र मंडळाने शोकसभा घेतली. टेबलावर ठेवलेला फोटो वैजूच्या पंधराव्या वर्षाचा होता. अंगावर आईची जरीकाठी साडी, खाली वळलेली नजर, हातात चांदीचा करंडा. मंडळाच्या गणपतीत ‘गुणी मुलगी’ म्हणून तो तिला मिळाला होता. एकामागून एक माणसं उठली. कधी वर मान करून बोलली नाही, कधी हट्ट केला नाही, अशी लेक सगळ्यांना मिळो, असं म्हणून बसली. मी मागच्या रांगेत होते. ज्या वर्षांत वैजू जवळजवळ नाहीशी झाली होती, नेमक्या त्याच वर्षांना या लोकांनी हार घातला होता.

मी अकराव्या वर्षी सांगलीहून हाउन्सलोला आले, तेव्हा ऐंशीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. वैजूचा जन्म तिथलाच. तिचे बाबा विमानतळावर कार्गोत, आई तिथल्याच एका दुकानात. आमच्यापासून दोन घरं सोडून ते राहत. ती माझ्याच वयाची, आणि शीळ घालणारी. आइस्क्रीमच्या गाडीची धून ती इतकी हुबेहूब वाजवायची की भर जानेवारीत गल्लीतली पोरं दार उघडून बाहेर यायची. तिची आई, म्हणजे काकू, ओरडायच्या, “कार्टे, दिवेलागणीला शीळ घालू नये. साप येतो घरात.”

“हाउन्सलोमध्ये साप? कसा येणार, पिकॅडिली लाइनच्या ट्रेननी?”

काकूंनाही हसू यायचं. ते घर तेव्हा हसणारं होतं, हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे.

तेरा-चौदाच्या सुमाराला शीळ थांबली. काही घडलं नव्हतं. कुणी मारलं नाही, कुणी छळलं नाही, घरात भांडण नव्हतं. एखाद्या घरातले दिवे एकेक करून मालवत जावेत तशी ती विझत गेली. शनिवारी दुपारपर्यंत झोपायची, ताटातला भात कडेकडेने ढकलत बसायची, विचारलं तर “नाही”, नाहीतर “ठीक आहे”. एकदा मला म्हणाली, “माझा डोकं always दमलेला असतो गं. काही केलं नाही तरी.” तिचं मराठी असंच होतं. पण यापेक्षा नेमकं कुणी बोललेलं मी नंतरही कुठे वाचलं नाही.

आणि घरी काय म्हणत होते? शहाणी झाली. मोठी झाली. काकू माझ्या आईला कौतुकाने सांगायच्या, “हाक मारावी लागत नाही हो आता. आपली आपण भांडी घासते, वर जाऊन बसते. शीळबीळ सगळं गेलं.” ज्यांच्या मुली मेकअप करून हाय स्ट्रीटवर फिरत होत्या, त्या आया वैजूकडे बोट दाखवायच्या. त्या काळात मीही दुःखी होते. सांगलीची शाळा, मैत्रिणी आठवून मी मोठ्याने रडायचे. म्हणून मला लाडू मिळाले, थोपटणारे हात मिळाले. वैजू रडली नाही. आमच्या लोकांना दुःख कळतं, पण त्याला आवाज असावा लागतो.

शाळेतल्या एक शिक्षिका एकदा घरी आल्या. मी तिथेच टेबलावर गणितं सोडवत होते. त्या हळू आवाजात म्हणाल्या की वैजू वर्गात कुणाशी बोलत नाही, जेवणाच्या सुट्टीत टॉयलेटमध्ये जाऊन बसते, तिला कुणाला तरी दाखवायला हवं. काकूंनी त्यांना चहा आणि चकली दिली आणि इंग्रजीत म्हणाल्या, “आम्ही तिच्यावर फार खूश आहोत.” त्या बाई थोडा वेळ चकलीकडे बघत राहिल्या... मग कोट चढवून गेल्या. दार लागल्यावर काका म्हणाले, “या लोकांना पोर गप्प बसलं की आजार वाटतो. यांची पोरं बघा.” वैजू जिन्यावर बसली होती. तिने सगळं ऐकलं. उठून वर गेली, पायांचा आवाज न करता. करंडा मिळाला तो त्याच वर्षीच्या गणपतीत.

बरं व्हायला तिला फार वर्षं लागली. रीडिंगला युनिव्हर्सिटीत गेली, तिथे दर आठवड्याला एका समुपदेशक बाईंसमोर बसून बोलायला शिकली. घरी सांगितलं नाही. तिथेच एका कंपनीत कॉम्प्युटरची नोकरी धरली, स्टेशनजवळ फ्लॅट घेतला. मी पहिल्यांदा राहायला गेले तेव्हा गॅसवर शिट्टीची किटली होती. पाणी उकळून ती किंचाळायला लागली की वैजू तिच्या सुरात सूर मिसळून आइस्क्रीमची धून पुरी करायची, आणि मगच गॅस बंद करायची. त्या दिवशी चहा घेताना ती हसत म्हणाली, “मी शहाणी नव्हते गं. I was ill. आणि त्यांनी मला त्याचं prize दिलं!”

घरी मात्र काकू कपाळाला हात लावायच्या. “काय झालं हिला? केस कापले, उलट बोलते, मोठमोठ्याने हसते. पूर्वी किती गुणी होती.” शेवटपर्यंत त्यांना वाटत राहिलं की लेक हातची गेली, खरं तर तेव्हाच ती परत आली होती.

गेल्या आठवड्यात मी काकूंकडे गेले. वैजूचा एक फोटो मोठा करून घेतला होता. रीडिंगच्या फ्लॅटमधला, केस विस्कटलेले, ओठांचा चंबू, शीळ घालतानाचा. भिंतीवर, करंडा घेतलेल्या त्या जुन्या फोटोच्या शेजारी लावावा, एवढंच मला हवं होतं. काकूंनी तो हातात धरला, चष्मा लावून पाहिला.

“हा काय गं फोटो? चांगला नाही वाटत असा. पाहुणे येतात घरी.”

“काकू, ती अशीच होती.”

“अगं, मी आई आहे तिची. मला माहीत नाही?”

गॅसवर वैजूची किटली होती, त्यांनी ती फ्लॅटमधून आणली होती. पाणी उकळलं, वाफ भसाभसा वर गेली... आणि काहीच वाजलं नाही.

“शिट्टी काढून ठेवली मी,” काकू म्हणाल्या. “केवढी कर्कश! डोकं उठतं.”

त्यांनी ड्रॉवर उघडला. चमच्यांच्या शेजारी ती काळी शिट्टी पडली होती. त्यांनी फोटो उलटा करून तिच्यावर ठेवला. त्यांचा हात तिथे जरा रेंगाळला. मग त्यांनी ड्रॉवर लावला आणि चहा गाळला.

“साखर एकच ना?” त्यांनी विचारलं. भिंतीवर वैजू मान खाली घालून उभी होती.