मेलेल्या कोकराचं कातडं

ग्रिझेल पर्व्हिस चर्चमध्ये शिरण्याआधी तिचा वास शिरतो, असे विंडीरिग गावातले लोक म्हणत. ती पाचव्या बाकावर बसली की चौथा आणि सहावा बाक आपोआप रिकामा होतो, असेही म्हणत. मेंढ्यांशी बोलून बोलून ती माणसांशी बोलायचे विसरली आहे. नवरा गेला त्या सकाळी तिने आधी मेंढ्यांना चारा घातला आणि मग डॉक्टरला फोन केला. यातले शेवटचे तेवढे खरे होते. वासाविषयी म्हणायचे तर लॅमरम्यूरच्या डोंगरात राहणाऱ्या प्रत्येकाच्याच अंगाला तो येत असे. इतरांनी फक्त रविवारसाठी वेगळा साबण ठेवला होता.

माझी आई तिची शेजारीण, म्हणून मी तिला मावशी म्हणत असे. शिकायला एडिंबरोला गेलो आणि तिथलाच झालो, तरी वसंतात, मेंढ्या विण्याच्या हंगामात, गावी फेरी होई. ग्रिझेलमावशी तेव्हा साठीच्या पुढे होती. एकेचाळिसाव्या वर्षी विधवा झालेल्या या बाईने दोनशे मेंढ्या एकटीने सांभाळल्या आणि एल्स्पेथ नावाची एक मुलगी वाढवली. एल्स्पेथ जवळच्या गावात औषधांच्या दुकानात काम करी. तिचा एकुलता एक मुलगा निनियन सुट्टी लागली की आजीकडे पळून येई. मेंढवाड्यात शिरल्यावर तो नाक चिमटीत धरून ओरडे, "आजी, तुला वास येतो!" गावातले सगळे जे पाठीमागे म्हणत, ते तोंडावर म्हणणारा तो एकटाच.

"थांब, तुलाही येईल," मावशी म्हणे, आणि त्याच्या कुशीत एखादे ओले कोकरू कोंबे.

त्या फेब्रुवारीत निनियन रक्ताच्या आजाराने गेला. सात वर्षांचा होता.

आणि त्याच दिवसांत आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर एका मेंढीची हुबेहूब नक्कल जन्माला घातल्याची बातमी जगभर गाजत होती. मेंढी झाली तर माणूस का नाही, हा प्रश्न जो तो विचारू लागला. वार्ताहरांना मेंढपाळाचे मत हवे होते. दोघे-तिघे मावशीच्या दारापर्यंत चिखल तुडवत आले. तिने वर्तमानपत्रातले त्या मेंढीचे छायाचित्र दूर धरून पाहिले आणि म्हटले, "खुरं वाढलीत. कापायला हवीत." हे मत कुणी छापले नाही.

एप्रिलमध्ये आईने विणलेले मोजे द्यायला मी मेंढवाड्यात गेलो, तेव्हा मावशी गुडघ्यांवर बसून एका मेलेल्या कोकराचे कातडे सोलत होती. हे आमच्याकडे दर हंगामाला चालते. एका मेंढीचे कोकरू मरते, दुसरीकडे एखादे कोकरू पोरके होते. पण मेंढी परक्याला थानाशी येऊ देत नाही. मग मेलेल्याचे कातडे अखंड काढून, पायांसाठी चार भोके ठेवून, ते पोरक्याला स्वेटरसारखे चढवायचे. मेंढी शेपटीपाशी हुंगते, आपलाच वास ओळखते आणि पाजू लागते. हे वाचायला गोड वाटते. प्रत्यक्षात ते चिकट, थंड आणि घाणेरडे काम आहे. कोकराच्या गळ्याभोवती मेलेल्याचे रक्त सुकत असते आणि ते बापडे तशाच अवतारात लुचत असते.

एल्स्पेथ दारात उभी होती. ती माझ्याही आधी आलेली असावी. तिच्या हातात एक गुळगुळीत पुस्तिका होती, मुखपृष्ठावर हसरे बाळ.

"सोमवारी सही द्यायची आहे," ती म्हणाली. "कंपनीच्या मिस्टर पेलमनी सगळं समजावून सांगितलंय. निनियन जायच्या आदल्या दिवशी घेतलेला त्याच्या दंडाच्या कातडीचा तुकडा त्यांनी शीतपेटीत ठेवलाय. मसुराएवढा. तेवढ्यातून होतं म्हणे सगळं, त्या मेंढीसारखं."

मावशीने सुरी गवतावर पुसली. "कुठे होतं?"

"परदेशात. एका बेटावर. तिथे कायदा आड येत नाही."

"मग तिथे काय काय आड येत नसेल."

"आई, टोमणे नकोत. मी तुझ्याकडे परवानगी मागत नाहीये. तो झाला की तू त्याला जवळ घेशील ना? निनियन म्हणशील ना? एवढंच सांग. तू म्हणणार असशील तर मी सही करते. एकटीला नाही जमायचं मला."

मावशीने कातडे कोकरावर चढवले. मेंढीने हुंगले, क्षणभर थांबली आणि घशातून हलका, ओला आवाज काढला. एल्स्पेथचा चेहरा एकदम उजळला.

"बघ! तूच करतेस की हे. दर वर्षी करतेस!"

मावशीने कातड्याची कड कोकराच्या पायावर नीट ओढली. पण मला तिचा चेहरा दिसत होता, आणि त्याच कामातली तिची जुनी चूक मी आईकडून ऐकलेली होती. नवरा गेल्यानंतरच्या पहिल्या हंगामात एका कोकराच्या अंगावरचे कातडे काढायचे ती विसरली. ते तिसऱ्या दिवशी काढावे लागते. तोवर मेंढीचे दूध कोकराच्या पोटातून फिरलेले असते आणि त्याच्या अंगाला तिचाच वास लागलेला असतो. नवव्या दिवशी तिच्या लक्षात आले तेव्हा हवा दमट होती, कातडे सडले होते आणि त्यातले किडे खालच्या जिवंत अंगात उतरले होते. मेंढी ते चाटतच होती. मावशीने कोकरू स्वतः पुरले आणि त्यानंतर आठवडाभर तिला अन्न गेले नाही.

शनिवारी दुपारी चर्चच्या सभागृहात याच विषयावर चर्चा ठेवली होती. आमचे पाळक टेंपलटन, गावातले कॅथलिक फादर क्वेन, एक निवृत्त डॉक्टर आणि खास लंडनहून आलेले मिस्टर पेलम. त्या दुपारची आठवण आली की आजही तोंडाला चव राहत नाही. एका आईच्या मेलेल्या मुलावर बोलायचे होते, आणि टेबलावर लोणी लावलेले स्कोन पाव, तीन प्रकारचे मुरंबे आणि चहाचे मोठे भांडे मांडले होते. लोक बोटे चाटत आत्म्याविषयी बोलत होते.

टेंपलटन म्हणाले की एका बाजूने पाहता जीवन देणे देवाचे काम आहे, आणि दुसऱ्या बाजूने पाहता देवानेच माणसाला बुद्धी दिली आहे. दोन्ही बाजूंनी पाहून ते खाली बसले. फादर क्वेन म्हणाले की मूल ही देणगी असते, मागणी नोंदवून घ्यायची वस्तू नव्हे. हे बरे होते. पण त्यांना ते इतके आवडले की त्यांनी तेच तीनदा सांगितले. डॉक्टर म्हणाले की एक मेंढी उभी राहण्याआधी किती गर्भ वाया गेले ते विचारा, आणि मग त्या मेंढ्यांच्या जागी बायका ठेवून बघा. त्यावर सभागृह पहिल्यांदा शांत झाले.

ती शांतता चर्चच्या पंचांपैकी एक ज्येष्ठ, सँडी, यांना सहन झाली नाही. "आमच्या पाळकांची तेवढी नक्कल काढू नका हो," ते मागून ओरडले, "एकाच प्रवचनाला दीड तास लागतो!" लोक हसले. एल्स्पेथ पहिल्या रांगेत बसली होती. तीही हसली, कारण मिस्टर पेलम हसले होते.

पेलमचे हात फार स्वच्छ होते आणि त्यांना कसल्याशा फुलांचा वास येत होता. बोलताना त्यांनी एल्स्पेथच्या खांद्यावर त्यातला एक हात ठेवला आणि बोलणे संपल्यावरही तो काढला नाही. पडद्यावर त्यांनी निनियनचे छायाचित्र दाखवले: दात पडलेला, बगलेत कोकरू. ते मावशीच्या मेंढवाड्यात काढलेले होते.

"या बाईंना आम्ही दुसरं मूल देणार नाही," ते मृदू आवाजात म्हणाले. "हेच देणार आहोत."

कुणीतरी नाक पुसले. सँडींनी आणखी एक स्कोन घेतला.

"त्याला तो आजार आठवेल का?" डॉक्टरांनी विचारले.

"अर्थातच नाही."

"आजी आठवेल?"

"ती त्याला नव्याने भेटेल."

"म्हणजे तो हा नव्हेच."

"अहो डॉक्टर, शब्दांचा कीस कशाला? आईला ओळख पटली की झालं."

तेव्हा एल्स्पेथ उठली. पुस्तिका तिने छातीशी धरली होती.

"पाप आहे म्हणता ना सगळे? मग माझ्या आईला विचारा. ती दर वसंतात मेलेल्याचं कातडं जिवंताला घालते, आणि मेंढी त्याला आपलं म्हणते. तुमच्यातल्या किती जणांनी तिच्याकडून तशी कोकरं नेलीत! तेव्हा कुणाला देव आठवला नाही." ती वळली. "आई, सांग यांना. सोमवारच्या आत मला तुझं उत्तर हवंय. इथेच दे."

सगळ्या माना पाचव्या रांगेकडे वळल्या. चौथी आणि सहावी रांग रिकामीच होती. ग्रिझेलमावशी उठली. तिने पडद्यावरच्या नातवाकडे पाहिले, मग मुलीच्या खांद्यावरच्या त्या हाताकडे, आणि सडलेले काही दिसल्यावर माणूस ओठ मुडपतो तसे तिने ओठ मुडपले.

"मी मेंढीला फसवते, एल्सी, आणि तिसऱ्या दिवशी कातडं काढते, नाहीतर आतलं जिवंत कोकरू सडतं. हा माणूस देईल त्या पोराला ते जन्मभर घालून फिरावं लागेल, आणि हुंगत बसणारी तू असशील. नाही. मी त्याला निनियन म्हणणार नाही, आणि तूही म्हणू नकोस."