बशीचा आवाज

चहाची बशी वाजली की कोपरगाव तालुक्यातली ती चोरी आजही आठवते. नोकरीत असेपर्यंत मी ती हकिकत पूर्ण कुणाला सांगितली नाही.

सत्तरच्या दशकाची सुरुवात. मी फौजदार होतो. एका साखर कारखान्याच्या बेणे मळ्यावरून, म्हणजे लागवडीचा ऊस वाढवतात तिथून, पाण्याची मोटर चोरीला गेली. मळ्याचा रखवालदार स्वतः ठाण्यात आला. पहाटे मोटरीपाशी हौदावरचा एक गडी घुटमळताना दिसला, अशी त्याने खबर दिली. हौदावरचे गडी म्हणजे लागवडीआधी उसाच्या कांड्या, बुरशी लागू नये म्हणून, पाऱ्याच्या औषधात बुडवून काढणारे.

माझी एक पद्धत होती. माणसाला समोर बसवायचं, कपबशीत चहा द्यायचा आणि गप्पा मारत राहायचं. बशी वाजली की माणूस खोटा. रखवालदाराची वाजली नाही. गड्याची मात्र हातात घेताच वाजू लागली. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर लवकर येईना, कालचं आज आठवेना. मध्येच चिडे, मध्येच डोळे भरून येत.

"मोटर मी न्हाई नेली, साहेब," एवढंच तो पुन्हा पुन्हा सांगे.

"मुरलेला हाय," हवालदार म्हणाला. मलाही तसंच वाटलं. मी त्याला मारलं. किती, ते लिहीत नाही. हात माझाच होता एवढं लिहितो. शेवटी तो "व्हय" म्हणाला, पण मोटर कुठे आहे ते त्याला सांगता येईना.

मुद्देमाल शोधायला मळ्यावर गेलो, तर तिथे शहरातून आलेले एक डॉक्टर कामगारांना तपासत होते. टेबलावर लाकडी पेटी होती. तिच्यावरचा दिवा लागला की बटण दाबायचं. मध्ये गेलेला वेळ घड्याळ दाखवी. हीच परीक्षा आता संगणकावर घेतात म्हणे. पाऱ्याचं औषध नसांवर, मेंदूवर काय करतं ते यातून लवकर कळतं, असं डॉक्टरांनी सांगितलं. मीही बटण दाबून पाहिलं. हात चपळ निघाला, तेव्हा खूशही झालो.

मग हौदावरचे गडी एकेक करून बसले. दिवा लागे आणि ते नुसते बघत राहत. बोट बटणापर्यंत थरथरत जाई.

माझ्या मनात पाल चुकचुकली. मी सगळ्यांना चहा मागवला, मुद्दाम कपबशीत. सगळ्या बशा वाजू लागल्या. हौदावरची एक बाई माझ्याकडे बघून म्हणाली, "आता समद्यांनाच गाडीत घाला, साहेब. ह्या हातांनी मोटर उचलंल व्हय कुनी?"

मग गड्याकडे बोट दाखवणाऱ्या रखवालदाराचाच संशय आला. तिथूनच त्याच्या घरी गेलो. कडब्याच्या गंजीत मोटर निघाली. पंचनाम्यावर सही करतानाही त्याचा हात हलला नाही.

गड्याला सोडलं. डॉक्टर म्हणाले, "अहवालात या हातांबद्दल दोन ओळी लिहा. माझं एकट्याचं इथे कुणी ऐकत नाही." ते माझ्या तपासात येत नाही, असं मी उत्तर दिलं. खरं कारण वेगळं होतं. ते लिहिलं असतं, तर आजारी माणसाकडून कबुली कशी घेतली हेही लिहावं लागलं असतं.

भ्यालेला, आजारी आणि खोटा, तिघांचे हात सारखेच थरथरतात. आणि निर्ढावलेल्याचे थरथरतच नाहीत. या प्रकरणाने मला एवढं शिकवलं. पण ते शिकून त्या गड्याला काही मिळालं नाही.

पुढे रखवालदाराच्या खटल्यात त्या गड्याच्या साक्षीचं समन्स घेऊन मळ्यावर गेलो. तो त्याच हौदात कोपरापर्यंत हात घालून उभा होता. मला पाहताच त्याने ते बाहेर काढले आणि पाठीमागे लपवले.