दिन्याचा वाटा

आमच्या घरात किस्से साठत जातात, कारण आम्ही कुठं फारसं जात नाही. वर्षातून एकदा बाहेर पडायचं आणि मग पुढचं वर्षभर तेच सांगत बसायचं. तिसगावातल्या पिझ्झाच्या दुकानात आम्ही एकदाच गेलो. पण ती एक संध्याकाळ अजून पुरतेय.

आता आम्ही तरी कशाला गेलो? तर माझा थोरला भाऊ दिनू मस्कतला एका हॉटेलात पिझ्झा बनवतो. अडीच वर्षं झाली, घरी आलेला नाही. दर खेपेला सुट्टी मिळते मिळते म्हणता राहून जाते. बायका आईला विचारायच्या, "पोरगं काय करतं गं तिकडं?" आई सांगायची, "भाकरीवानी कायतरी करतो." गावात स्टँडजवळ पिझ्झाचं दुकान उघडलं आणि आईनं जाहीर केलं, "मला बघायचंय, माझं पोरगं दिवसभर काय करतं ते."

*

आई निघाली ती ठेवणीतलं लुगडं नेसून, हातात दोन किलो शेंगांची पिशवी घेऊन. मी म्हटलं, "आई, ते हॉटेल आहे. आपण गिऱ्हाईक."

"आसंल. पयल्यांदा कुनाच्या दारात रिकाम्या हातानं जात न्हाईत."

दुकान सुनंदाताईंचं. आधी त्या ब्यूटी पार्लर चालवायच्या. त्यांनी पिशवी घेतली, शेंगांकडं पाहिलं, आईकडं पाहिलं आणि थेट आत जाऊन तांब्याभर पाणी घेऊन आल्या. मेनू कार्ड द्यायचं राहूनच गेलं.

*

आमच्या वडिलांनी, अण्णांनी, काचेच्या दाराबाहेर चपला काढल्या. त्यांचं बघून आम्हीही काढल्या. मागून एक कुटुंब आलं. त्यांनी चपलांची रांग बघितली आणि मुकाट्यानं आपल्याही काढल्या. त्यांच्यामागून कॉलेजची चार पोरं आली. बूट सोडायला त्यांना पाच मिनिटं लागली.

त्या संध्याकाळी सगळं हॉटेल अनवाणी जेवलं. सुनंदाताई म्हणाल्या, "राहू द्या. फरशी तरी स्वच्छ राहील."

*

पिझ्झा यायच्या आत आई उठून स्वयंपाकघरात गेली. मी मागं पळाले. सुनंदाताई पिठाचा गोळा हातानं थापत होत्या.

"हातानं थापत्यात व्हय?" आईचा चेहरा एकदम उजळला. "मंग जमत आसंल त्याला. लहानपनी माझ्यापाशी बसून भाकरी थापायचा. पार पातळ थापायचा, पन कडा न्हाई फाटायच्या."

तेवढ्यात सुनंदाताईंनी भट्टीचं दार उघडलं. आईनं सवयीनं धग बघायला हात पुढं केला आणि चटकन मागं घेतला.

"दिवसभर ही धग आशीच?"

सुनंदाताईंनी पिझ्झा आत सरकवला आणि दार लावून घेतलं.

*

पिझ्झा आला. आठ तुकडे, खाणारे तिघं. अण्णांनी हात पुढं केला तर आईनं तो अडवला. आमच्याकडं घरातलं कुणी गावाला गेलं असलं, की त्याचा वाटा आधी काढून ठेवायचा, मगच बाकीच्यांनी घास घ्यायचा. आईनं खोकं मागून घेतलं आणि सगळ्यात मोठा तुकडा त्यात ठेवला.

अण्णा म्हणाले, "अगं, त्यो दिवसभर ह्येच करतो तिकडं."

"करतो," आई म्हणाली. "खातो का न्हाई, ते कुठं ठावं हाय?"

अण्णांनी हात मागं घेतला. मग बराच वेळ ते सॉसच्या बाटलीचं झाकण लावत बसले.

*

घरी आल्यावर दिनूचा व्हिडिओ कॉल आला. "आई, कसा लागला?"

"बरा हुता. तू करतो तसा न्हाई."

"तू कधी खाल्लास माझ्या हातचा?"

"मंग येऊन खायाला घाल की."

दिनू म्हणाला, "आई, रेंज जातीय गं, नंतर करतो." त्याचा चेहरा स्क्रीनवर चांगला लख्ख दिसत होता. डोळेसुद्धा. फोन त्यानं बंद केला, पण तोपर्यंत आम्ही तिघांनीही पाहिलं होतं.

*

सकाळी अण्णांनी दिनूचा तुकडा चहाबरोबर खाल्ला. "अन्न वाया घालू नये," म्हणाले. आईनं खोकं ओल्या फडक्यानं पुसलं, उन्हात वाळवलं आणि फळीवर डब्यांच्या रांगेत ठेवून दिलं.

महिन्याभरानं सुनंदाताई हळदीकुंकवाला आल्या. फळीवर आपलं खोकं बघून हसायलाच लागल्या. "काकू, हे अजून ठेवलंय? टाकून द्यायचं असतं हो."

"दुसऱ्याचा डबा टाकतात का कुठं? परत करायचा हाय तुमचा."

"मग द्या की आत्ता."

"रिकामा कसा देऊ?" आईनं त्यांच्या हातावर साखर ठेवली. "दिन्या आला की भरून देईन तो."