दुर्गाबाईंनी ओळखलेली डबल बेल

पुण्याजवळचं धायरी अजून गाव होतं तेव्हाची गोष्ट. वांग्याच्या वाफ्यांवर इमारती नुकत्या उठू लागल्या होत्या. दुर्गाबाईंचा सुदर्शन गळ्यात ओळखपत्राचा पट्टा अडकवून हिंजवडीच्या कंपनीच्या बसमध्ये बसायचा. त्याचे वडील बापूराव पीएमटीच्या बसवर कंडक्टर. सगळा जन्म स्वारगेटच्या गाड्यांत गेलेला. घरीसुद्धा जेवण झालं की ताटावर दोनदा टकटक, म्हणजे उचला. "मी काय तुमची डायवर हाय?" असं म्हणत दुर्गाबाई ताट उचलायच्या. ऐकायला बरं वाटायचं ते भांडण.

त्या हिवाळ्यात बापूरावांना न्यूमोनिया झाला. दवाखान्यात आयसीयूत ठेवलं. घशात नळी, श्वासाला मशीन. दुसऱ्याच सकाळी दुर्गाबाईंना डॉक्टरांना गाठायचं होतं. सुदर्शन म्हणाला, त्यांना डिस्टर्ब नको, ते सांगतील. पण वांगं दाबून बघितल्याशिवाय न घेणारी ती बाई. नवरा काय नुसता सोपवून येणार होती?

आत गेल्या तर बापूरावांचे हात कॉटला बांधलेले. सारखा कॉटचा दांडा वाजवतात, नळी ओढतील, म्हणून झोपेचं औषध वाढवणार, असं सिस्टर म्हणाल्या. दुर्गाबाई बघत राहिल्या. बोटं दांड्यावर टक टक. थांबून पुन्हा टक टक.

त्या डॉक्टरांच्या वाटेतच उभ्या राहिल्या.

"सायेब, त्यांचं डोकं फिरलं नाय. ते डबल बेल देत्यात. चला म्हनत्यात. एक बेल म्हंजे थांबा. तुमी इचारून तर बघा."

डॉक्टर कॉटवर वाकले. "बापूराव, औषध वाढवू?"

टक. एकच.

"स्वतः श्वास घेऊन बघायचाय?"

टक टक.

डॉक्टरांनी औषध वाढवलं नाही. उलट कमी करत नेलं. भेटीच्या वेळात एक हात सोडायचा, तो दुर्गाबाईंनी धरायचा, असं ठरलं. मशीन थोडं कमी करून रोज श्वासाची परीक्षा व्हायची. ती झाली का, कशी झाली, हे दुर्गाबाई रोज विचारायच्या. सिस्टर हसून म्हणायच्या, "आल्या चेकर."

नळी निघाली तेव्हा बापूरावांचा घसा पार बसलेला. दुर्गाबाई चमच्यानं पाणी पाजत होत्या.

"लई भांडलीस म्हनं," ते घोगरं पुटपुटले.

"तुमची वाचा बंद, पोरगं शिकून गप. मग कुनी बोलायचं?"