चुन्याखालचं लढाऊ विमान

गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही. पिंपळगाव राजापासून फार लांब नाही, एवढं पुरे. आचारसंहिता कधी कुठे आडवी येईल, नेम नाही.

या गावात माणिकराव पेंटर तीस वर्षं भिंती रंगवत आले. भिंत दुसऱ्याची, मजकूर दुसऱ्याचा, खाली नाव तिसऱ्याचंच. बियाण्याच्या कंपनीचं कणीस, साबणाची वडी, हात जोडून हसणारे पुढारी, सगळं त्यांनी सारख्याच इमानानं काढलं. पुढाऱ्यांना गुलाबी रंग जास्त लागतो, एवढाच काय तो फरक.

दिवाळीनंतर शाळेला देशभक्तीपर भिंत करायचा हुकूम आला. मुख्याध्यापक म्हणाले, लढाऊ विमानांची झुंज काढा, काय काढायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. तीस वर्षांत हे वाक्य माणिकरावांनी पहिल्यांदा ऐकलं. त्या आनंदात त्यांनी पाटीवर पहिलं विमान काढलं, त्याला प्रवाशांच्या बावीस खिडक्या आल्या. एका खिडकीत एक बाई बसली होती.

"कोन्या गावची लढाई हाय बे ही? वऱ्हाड घेऊन चालले का?" मुख्याध्यापकांनी पाटीचं वर्णन करून सांगितल्यावर कारभारीकाकांनी विचारलं.

कारभारीकाका एकाहत्तरच्या लढाईत हवाई दलात मेकॅनिक होते. गाव त्यांना पायलटकाका म्हणतं, कारण हवाई दलात गेलेला माणूस पायलटच असतो, अशी गावाची पक्की समजूत. काकांनी ती पन्नास वर्षं खोडून काढली आणि गावानं पन्नास वर्षं त्यांच्या विनयाचं कौतुक केलं. आता पंचाहत्तरी झाली होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, समोरचा माणूस ओळखायचा तर आवाजावरून.

तेच काका रोज सकाळी भिंतीपाशी खुर्ची टाकून बसू लागले. दिसत काही नव्हतं, पण सांगायला डोळे लागतात असं कोण म्हणतं? आपलं नॅट विमान केवढं, तर पायलटच्या डोक्यावरच्या काचेपर्यंत माणसाचा हात पोचावा एवढं. शत्रूचं सेबर त्याच्याहून थोराड, तोंड वासलेलं. नॅट वळण घेताना पंख किती कलतो, हे काका हाताचा तळवा तिरपा करून दाखवत आणि माणिकराव तो तळवा बघून रेघ मारत.

गावही मदतीला धावलं. सरपंच म्हणाले, पायलटला मिशा पाहिजेत. तोंडावर मास्क असतो म्हटल्यावर म्हणाले, मग मास्कवर काढा. कुणाला नॅटला हार हवा होता, कुणाला पंखावर 'सौजन्य' म्हणून आपलं नाव. माणिकराव सगळ्यांना हो म्हणाले आणि कुणाचंच ऐकलं नाही. तीस वर्षांची दबलेली हिंमत होती ती.

एक दिवस काका आपणहून बोलले. "काच नीट काढजो माणिक. ते माह्यं काम व्हतं. उडायच्या आधी मी काच पुसो. तिच्यावर माशीएवढा डाग राह्यला तं साहेबाले वर वाटे का दुश्मनाचंच विमान हाय." मग म्हणाले, "एक काच पुसून देल्ली, ते वापस आलीच नाई. मले आजही वाटते, डाग राह्यला असंन का तिच्यावर?"

या माणसाला हे चित्र दिसलं पाहिजे, बाकी गावानं नाही पाहिलं तरी चालेल, असं माणिकरावांना मनापासून वाटलं. नॅटच्या काचेवर ते पुढे दोन दिवस बसले. उडणारं नॅट आणि पेटलेलं सेबर, असं चित्र पुरं झालं आणि कोपऱ्यात आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी सही केली. त्याच आठवड्यात काकांना ऑपरेशनची तारीख मिळाली. मुलगा त्यांना मलकापूरला घेऊन गेला. "डोळे घेऊन येतो, मंग तुह्या चुका काढतो," असं काका सांगून गेले.

इकडे ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. एक उमेदवार पंजाबराव, त्यांना निशाणी मिळाली विमान.

विरोधी पॅनलनं त्याच दुपारी तक्रार केली, शाळेच्या भिंतीवर पंजाबरावांचा दहा फुटी प्रचार चालू आहे. ज्यांनी चित्रासोबत पंधरा-पंधरा सेल्फी काढल्या होत्या, त्यांच्याच सह्या खाली. तपासणीचं पथक आलं. साहेबांनी एका हातात निशाणीचा कागद धरला, दुसऱ्या हातानं चष्मा सावरला आणि निकाल दिला, "उडणारं विमान निशाणीशी जुळतं, ते झाका. पेटलेलं जुळत नाही, ते राहू द्या." झाकायला गावात पेंटर एकच. तेव्हा माणिकरावांनी आपल्याच हातानं आपल्या नॅटवर चुना फासला.

दुसऱ्या दिवशी गाव जागं झालं, तर शाळेवर एकटं शत्रूचं विमान. बोंबाबोंब झाली. कुणी म्हणालं, हे तर आता जिंकल्यासारखंच दिसते. पथक पुन्हा आलं, सेबरही गेलं. कायद्यापुढे दोन्ही देश समान ठरले. भिंतीवर राहिलं निळं आभाळ, दोन पांढरी ठिगळं आणि कोपऱ्यात माणिकरावांची सही.

एक गोष्ट मात्र पथकाच्या ध्यानात आली नाही. चुना धरावा म्हणून त्यात डिंक घालतात. माणिकरावांनी घातला नव्हता, विसरून म्हणा हवं तर.

मतदानाला पाच दिवस असताना काका परतले. काळा चष्मा लावून, बसमधून उतरले ते थेट शाळेकडे. माणिकराव मागे धावले, पण पोचेपर्यंत काका भिंतीपुढे उभे होते.

"काका, मी सांगणारच व्हतो..."

"काऊन गड्या? बरोबर तं हाय." काका आभाळाकडे पाहत म्हणाले. "आमाले खालून लढाई दिसेच कुठं? असंच रिकामं आभाळ दिसे. गेलेले किती अन् आलेले किती, बस तेवढं मोजाचं."

आता मात्र माणिकरावांना राहवलं नाही. त्यांनी गळ्यातला दुपट्टा नळाखाली भिजवला आणि तळहाताएवढी जागा पुसली. चुन्याखालून नॅटची काच आली, आतलं शिरस्त्राण आलं, मास्क आला. मिशा नव्हत्या. काका चष्मा काढून अगदी जवळ गेले. बराच वेळ पाहत राहिले.

"माणिक, काचेवर डाग हाय."

कडेला चुन्याचा थेंब राहिला होता. माणिकराव पुढे सरकले, तर काकांनी दुपट्टा त्यांच्या हातून घेतला. गोल गोल, बाहेरून आत, मग कोरड्या टोकानं पुन्हा एकदा.

तक्रार अर्थात झालीच. पथकानं पंचनामा केला. निशाण्यांच्या यादीत कपबशी, शिट्टी, नारळ, कपाट सगळं निघालं, पण विमानाची काच कुणाचीच निघाली नाही. नाइलाजानं ती तशीच राहू देण्यात आली.

मतदानापर्यंत काका रोज सकाळी यायचे आणि ती काच पुसून जायचे.