चाकं मिस्त्रींची, कुलूप संस्थेचं

मेहरूनभाभींचा फोन आला तेव्हा मी दोडका चिरत होते. त्यांचा फोन म्हणजे नवऱ्याविरुद्धची तक्रार, हे इतक्या वर्षांत ठरूनच गेलेलं. म्हणून विळी बाजूला सारून, भिंतीला टेकून ऐसपैस बसत मी हसतच विचारलं, "आता काय केलं तुमच्या मिस्त्रींनी?" भाभी म्हणाल्या, "काही नाही केलं, बाई. चहा पिला, कुकरचा दांडा आवळला, अन् बसल्या जागी… गेले." माझ्या हातात अर्धा दोडका तसाच राहिला. खोटं कशाला सांगू, रडू यायच्या आधी माझ्या मनात आलं ते असं, की हा दांडा उद्या पुन्हा ढिला होणार आणि तो आवळायला आता घरात कुणी नाही. माणसाचं मन अशा वेळी फार चमत्कारिक वागतं.

तर हे शब्बीरभाई. सिरसाळ्याचे मिस्त्री. ट्रॅक्टर, पाण्याची मोटर, कडबा कापायचं यंत्र, पिठाची गिरणी, ज्याला म्हणून नट-बोल्ट आहे ते सगळं त्यांच्या हाताखालून गेलेलं. आणि ते सांगायची त्यांना भारी हौस. एखाद्या इंजिनाचा आवाज फोनवर ऐकून आपण रोग सांगितला, असं ते दर भेटीत सांगत, आणि दर भेटीत ते इंजिन आणखी लांबच्या गावाचं होत असे. अशा माणसाच्या घरातल्या कुकरचा दांडा मात्र जन्मभर ढिला. रोज सकाळी भाभींनी हाक मारायची, शब्बीरभाईंनी सदऱ्याच्या खिशातला टेस्टर काढून तो स्क्रू आवळायचा. "एकदाच पक्का का नाही करत?" मी एकदा विचारलं. ते स्वयंपाकघराकडे बघत हळूच म्हणाले, "पक्का केला तर मंग सकाळी मला इचारील कोण, बाई?"

आमची ओळख संस्थेतली. शेतकऱ्यांची सहकारी संस्था. पुढे खत-बियाणाचं गोदाम, मागे पत्र्याचं वर्कशॉप. वर्कशॉप शब्बीरभाईंचं आणि तिथलं स्टोअर माझ्याकडे. संस्था सभासदांची म्हणजे पाना-पक्कडही सभासदांची, असा लोकांचा सरळ विचार. कुणीही यायचं आणि म्हणायचं, "मिस्त्री, जरा चौदा-पंधराचा पाना द्या, काम झालं की आणून देतो." शब्बीरभाई आधी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. "मागच्या बारीचा पाना कुठं हाय बे? बैलाला चारला का?" आवाज असा, की रस्त्यापलीकडच्या हॉटेलातली गिऱ्हाइकं चहा हातात घेऊन बाहेर यायची. आणि एवढा तमाशा करून झाला की पाना काढून गुपचूप त्याच्या हातावर ठेवायचे. तो माणूस शिव्या आणि पाना दोन्ही घेऊन खुशीत जायचा. मी चिडायचे, कारण स्टोअरमध्ये पाना कमी पडला की उत्तर मला द्यावं लागायचं. "देता कशाला मग?" असं म्हटलं तर म्हणायचे, "मोटर बंद पडली हाय त्याची. शिव्यांनं बोल्ट खुलत न्हाई, बाई."

अशात एकदा ते परळीला गेले आणि तिथं एका ट्रॅक्टर कंपनीच्या दुरुस्ती शिबिरात त्यांनी चाकांवरचं हत्यारांचं कपाट बघितलं. परत आले ते बाधा झाल्यासारखे. "मी गेलतो तितं तर त्यो मिस्त्री इंजिनात वाकलेला. मागं बघितलं बी न्हाई. नुस्ता कप्प्यात हात घातला अन् पाना हातात! जिथल्या तिथं सगळं, बाई. एकबी जागा रिकामी न्हाई." आमच्याकडे हत्यारं पोत्यात, पत्र्याच्या ट्रंकेत आणि निम्मी लोकांच्या घरी. त्या दिवसापासून त्यांचा एकच घोशा. असं कपाट पाहिजे आणि एकदा, मरायच्या आधी एकदा, त्याचे सगळे कप्पे भरलेले बघायचे.

सहकारात काहीही घ्यायचं म्हणजे आधी समिती. कपाटाचीही झाली. चेअरमन आबा, संचालक दगडूनाना, जाणकार म्हणून शब्बीरभाई आणि सहीला माणूस पाहिजे म्हणून मी. जीपमधून औरंगाबादच्या एका मोठ्या दुकानात गेलो. आता दगडूनाना म्हणजे बैल पारखण्यात आख्ख्या तालुक्यात नाव काढलेला माणूस. त्यांना दुसरी कुठलीही वस्तू घेता येत नसे, म्हणजे बैलासारखीच घेता येत असे. त्यांनी लाल कपाटाला लांबून एक चक्कर मारली. पाठीवर थाप दिली. वरचा कप्पा ओढून, मान वाकडी करून आत बघितलं आणि दुकानदाराला म्हणाले, "चालवून दाखवा." दुकानदारानं बिचाऱ्यानं ढकललं. "आता वळवा… हां. डाव्या अंगाला वढतंय." शब्बीरभाई लगेच फरशीवर उताणे झाले, कपाटाखाली शिरले आणि चाकात अडकलेली सुतळी काढून बाहेर आले. दोघांनी एकमेकांकडे असं काही बघितलं, की मला वाटलं आता गळ्यात पडतात. मग नानांनी दुकानदाराचा हात धरला, त्यावर आपला पंचा टाकला आणि बैलबाजारात करतात तसा पंच्याखाली बोटं दाबून भाव करायला लागले. तो माणूस घाबरून म्हणाला, "काका, काय करताय? कॅल्क्युलेटर आहे ना!"

पण खरा पेच पुढेच होता. दुकानात कपाटं होती दोन. एकाला जाड रबरी चाकं, ब्रेक लागणारी, खडी-मुरुमातूनही जातील अशी. पण कुलूप नव्हतं. दुसऱ्याची चाकं अगदीच किरकोळ, पण त्याला एक असं कुलूप की एका किल्लीत सगळे कप्पे बंद. शब्बीरभाई पहिल्यापाशी ठाण मांडून बसले. आबा दुसऱ्याच्या प्रेमात पडले. ते किल्ली फिरवायचे, कप्पा ओढून बघायचे, उघडत नाही म्हणून समाधानानं मान डोलवायचे आणि पुन्हा किल्ली फिरवायचे. जेवायची वेळ टळून गेली. शेवटी वैतागलेल्या दुकानदारानंच तोड काढली, या कपाटाची चाकं त्या कपाटाला बसवून देतो. "झालं तर मग," आबा म्हणाले, "चाकं मिस्त्रींची, कुलूप संस्थेचं!" शब्बीरभाई चाकांवर इतके खूश होते, की कुलपाचा विचार करायला त्यांना सवडच झाली नाही.

कपाट आलं त्या दिवशी आम्ही दोघांनी एक काम केलं. कप्प्यांत काळं रेक्झिन अंथरलं. ते एकेक हत्यार त्यावर ठेवायचे आणि मी पांढऱ्या ऑइलपेंटनं त्याच्या कडेनं रेघ ओढायचे, म्हणजे कुणाची जागा कुठली ते दिसावं आणि कोण गायब आहे तेही. सगळ्यांत मोठी रेघ खालच्या कप्प्यातल्या पाइपपान्याची. सगळ्यांत बारकी वरच्या कप्प्याच्या कोपऱ्यात, टेस्टरची. "तो तर कायम तुमच्या खिशात असतो," मी म्हटलं. "आसू द्या. त्यालाबी घर पाह्यजे. रिटायर झाल्यावर ऱ्हाईल तितं." मग आबा आले, नारळ फोडला, कपाटाला हार घातला, कुलूप लावलं आणि किल्ली कोपरीच्या खिशात टाकली. "हत्यारं हरवतात म्हणून तर कपाट घेतलं. किल्ली माझ्यापाशी ऱ्हाईल. लागंल तवा मागायची." शब्बीरभाईंनी एकदा त्या खिशाकडे बघितलं, मग खाली वाकून चारी चाकांचे ब्रेक लावले.

त्या वर्षी पावसानं तोंडच दाखवलं नाही. विहिरी खरवडून झाल्या, बोअरमधून नुसती हवा यायला लागली, आणि गाव संस्थेच्या टँकरवर आलं. आबा सदा चारा छावणीवर, नाहीतर कुठल्यातरी बैठकीला. किल्ली त्यांच्याबरोबर गावोगाव. आठवडी बाजाराच्या दिवशी टँकर भरून आला आणि त्याचा व्हॉल्व्ह असा धरला की हलेना. पोटभर पाणी घेऊन टँकर वर्कशॉपपुढं उभा, समोर उन्हात बायकांची आणि हंड्यांची रांग, आणि पाइपपाना कुलपात. आबा नेमके घरी होते. मी निरोप धाडला, तर उलटा निरोप आला, "जेवून येतो." शब्बीरभाईंनी एकदा रांगेकडे बघितलं, एकदा कपाटाकडे. मग खाली वाकून चारी चाकांचे ब्रेक काढले. "किल्ली कपाटाकडं येत न्हाई ना? मंग कपाट किल्लीकडं नेऊ. चाकं कावून घेतली, बाई?"

अशी ती मिरवणूक निघाली. पुढे लाल कपाट ढकलत शब्बीरभाई, एका अंगाला मी, मागे ट्रॅक्टर, त्याला टँकर, आणि टँकरमागे डोक्यावर रिकामे हंडे घेतलेल्या बायका. भर बाजारातून. कपाटात हत्यारांचा असा खणखणाट, की मेथीच्या जुड्या घेऊन बसलेल्या बायाही उठून उभ्या राहिल्या. एकानं ओरडून विचारलं, "मिस्त्री, कुल्फी हाय का?" "कुल्फी न्हाई, पाना हाय. चाखतो का बे?" सकाळपासून तळतळाट करणाऱ्या बायका खो-खो हसायला लागल्या. आबांच्या वाड्यापुढं पोचलो तर आबा उष्ट्या हातानंच बाहेर आले. "काय चाललंय हे?" "काई न्हाई आबा," शब्बीरभाई इतक्या अदबीनं म्हणाले की मला हसू आवरेना, "तुमी निवांत जेवा. आजपासून वर्कशॉप हितंच." तोवर बायकांनी हंडे थेट ओसरीपर्यंत लावून टाकले होते. आबांनी ओसरीकडे बघितलं, आणि डाव्या हातानं खिशातली किल्ली काढून दिली. पाइपपान्याचे दोन हिसके बसले आणि पाणी आलं… त्या आवाजानं सगळ्या बायका एकदम गप्प झाल्या. ती शांतता मी अजून विसरलेले नाही. जाताना शब्बीरभाई किल्ली परत द्यायला गेले, तर आबा म्हणाले, "ठेवा तुमच्यापाशीच. तुमचा काय भरवसा, उद्या गोदाम घेऊन याल."

संध्याकाळी कप्पे बघितले तर पाइपपान्याची जागा रिकामी. त्या गडबडीत कुठं गेला कुणास ठाऊक. आबा म्हणाले, आमच्याकडं न्हाई, बाजारात पडला असंल. शब्बीरभाईंनी बाजार पालथा घातला. पुढे किल्ली त्यांच्याकडे असून कपाटाला कुलूप लागलंच नाही, आणि मोटरी काही बंद पडायच्या थांबल्या नाहीत. एकेक पाना "काम झालं की आणून देतो" म्हणत बाहेर पडला. मग संस्थाच बुडाली. कशी बुडाली ते सगळ्यांना माहीत आहे, म्हणून सांगत नाही. कपाट भंगारात निघालं ते शब्बीरभाईंनी घेतलं आणि रस्त्यालगतच्या, घराला लागूनच असलेल्या आपल्या गॅरेजात आणून ठेवलं. मी मुलाकडे बीडला आले. मागच्या दिवाळीत भेटायला गेले तेव्हा त्यांनी हौसेनं कप्पे उघडून दाखवले. आत पाने थोडे आणि पांढऱ्या रेघाच जास्त. मला वाईट वाटलं. म्हटलं, "सगळं हरवून बसलात." तर माझ्यावरच डाफरले. "हरवले न्हाईत, बाई. कामावर हायत."

त्यांच्या चाळिसाव्याला मी सिरसाळ्याला गेले. गॅरेजात पाऊल टाकलं आणि थांबलेच. कपाटावर, बाकावर, जमिनीवर पाने पडलेले. भाभी म्हणाल्या, मातीच्या तिसऱ्या दिवसापासून हे सुरू आहे. माणूस येतो, रुमालातून, धोतराच्या सोग्यातून, पिशवीतून पाना काढतो, कपाटापाशी ठेवतो आणि जातो. कुणी पार लांबच्या चकलांब्याहून आलेलं. एकानं तर कपाटात कधी नव्हताच असा जॅक आणून ठेवला होता. बहुतेक दुसऱ्या कुणाचा चुकून इकडे आला असावा. मी पदर खोचला आणि एकेक पाना पुसून त्याच्या रेघेत ठेवायला बसले. तेवढ्यात काठी टेकत आबा आले. आता फार थकलेत. त्यांच्या काखेत गोणपाटात काहीतरी गुंडाळलेलं होतं. उघडलं तर पाइपपाना. "गोठ्यात होता," ते खाली बघत म्हणाले, "दावणीचा खुंटा ठोकायला बरा पडायचा. उद्या आणून देणारच व्हतो…" ज्यांनी हत्यारं हरवतात म्हणून कुलूप घेतलं, ते हे आबा! शब्बीरभाई असते तर आख्खं सिरसाळं गोळा झालं असतं. ते नव्हते, म्हणून मीच म्हटलं, "मागच्या बारीचा पाना कुठं हाय बे? बैलाला चारला का?" आबा हसले. हसता हसताच त्यांनी टोपी काढली आणि तोंडावर धरली. मग आम्ही दोघंही बराच वेळ रडलो.

पाइपपाना त्याच्या रेघेत ठेवला आणि सगळे कप्पे उघडून बघितले. भरले होते. एकच जागा रिकामी, वरच्या कप्प्याचा कोपरा, टेस्टरची. मी आत स्वयंपाकघरात गेले. भाभी ओट्यापाशी कुकर पुढ्यात घेऊन उभ्या होत्या आणि टेस्टरनं दांड्याचा स्क्रू आवळत होत्या. शब्बीरभाई आवळायचे तसाच, जेमतेम. माझे हात ग्रीसनं काळे झालेले बघून त्यांना कळलं, मी कशाला आले ते. त्यांनी टेस्टर माझ्यापुढं केला, आणि मी हात पुढे करायच्या आत परत मुठीत घेतला.

"काम झालं की आणून देते, बाई," त्या म्हणाल्या.

"कधी?"

"उद्या."

"बरं," मी म्हटलं, आणि बाहेर येऊन कप्पे सरकवले. कुलूप तसंच उघडं ठेवलं.