चौदावा माणूस

रॉस ट्रेगियरचा गुडघा मेलबर्नमधल्या एका गुत्त्याच्या पायरीवर, दुसऱ्याच्या बायकोमागे धावताना गेला, असं आमच्या गावात बोललं जातं. बायको कोणाची, हे सांगणाऱ्यागणिक बदलतं. सगळं खोटं आहे.

खरी गोष्ट फारच मिळमिळीत. एकोणिसाव्या वर्षी शहरातल्या मोठ्या ऑस्ट्रेलियन फुटबॉल संघाने त्याला उचललं. पाच सामने खेळला, गोल एकही नाही. पाचव्या सामन्यात, चिखलात, आसपास चिटपाखरू नसताना तो वळला आणि गुडघा कट्‌कन गेला. कोणी धडक दिली असती तर सांगायला तरी काही उरलं असतं! मग तो बापाच्या गोठ्यावर परतला. तेव्हापासून पहाटे एकदा आणि दुपारी एकदा गाईंची धार. तीस वर्षं. सुट्टी नाही. भेटेल तो विचारतो, "काय रे, कोणी पाडलं तुला?"

"मीच," म्हणतो, आणि लंगडत पुढे जातो.

त्या शनिवारी आमच्या क्लबची घटका भरत आली होती. तरणी पोरं खाणींवर नाहीतर शहरात. मैदानात चौदा जण नसतील तर सामना रद्द, आणि यंदा दोन रद्द झाले होते. तिसरा झाला की क्लबला कुलूप. जमले होते तेरा. अध्यक्षा मार्लीन हॅलोरन सॉसेज भाजायचं सोडून, चिमटा हातात घेऊनच रॉसच्या गाडीपाशी आली. शेजारच्या गाडीत मी.

"रॉस, जर्सी चढव."

"एकोणपन्नास वर्षांचा आहे मी, मार्लीन."

"वय कोणी विचारलं? पाय दोन आहेत ना?"

"दीड," मी खिडकीतून म्हणालो.

"तू गप रे केव्ह, नाहीतर तुला उतरवीन."

"माझ्या पोटाची जर्सी अजून शिवायची आहे, बाई."

रॉसने गुडघ्यावरून हात फिरवला. मैदान ओलं होतं, अगदी तेव्हासारखं. "हा पुन्हा गेला तर धार कोण काढणार?" तो म्हणाला. मग उसासा टाकून तो उतरला.

जवळजवळ सगळा सामना तो गोलाजवळच्या कोपऱ्यात नुसता उभा होता. "आजोबा, खुर्ची आणू?" समोरचा खेळाडू विचारत होता. आमचा धुव्वा उडालेला. अगदी शेवटी एक भरकटलेला चेंडू थेट रॉसकडे आला. त्याने उडी मारली नाही. फक्त हात वर केले, आणि झेलला.

आमच्या फुटबॉलात चेंडू असा हाताने झेलला की बिनविरोध लाथ मारायला मिळते. त्याने मारली. उंच खांबांमधून गेला असता तर गोल, सहा गुण. गेला बाजूच्या बुटक्या खांबाआतून. एक गुण.

आमच्याकडे मैदानाभोवती गाड्या लावून बसतात आणि गोल झाला की हॉर्न वाजवतात. फक्त गोलाला. पण माझा हात हॉर्नवर पडला. शेजारच्याने वाजवला, त्याच्या पलीकडच्याने, मग अख्ख्या गोलाकाराने. गोलाला दोन झेंडे दाखवतात, एका गुणाला एक; पंच एकच झेंडा धरून बावचळून बघत राहिला.

सामना हरलो, क्लब वाचला. रॉस चिखलाने माखून, दोन्ही पायांवर, माझ्या गाडीपाशी आला.

"काय गड्या, पुढच्या शनिवारी पण?" मी विचारलं.

"हॉर्न गोलाला वाजवतात, केव्ह. तो एक गुण होता. गाडी मागे घे, माझी वाट अडवलीस. गाई कधीच्या खोळंबल्यात."